चालत्या गाडीला पत्ता नसतो

हवालदारांकडे निरोप द्यायचा तर तो थोडक्यात द्यावा लागे, आणि आमच्या भागात थोडक्यात बोलणारं माणूस दिवा घेऊन शोधलं तरी सापडायचं नाही. त्यामुळे कराड-सांगली मोटारीच्या दाराशी दुपारी जी गंमत चाले, ती मी दर शनिवारी पुढच्या बाकावर बसून बघत असे.

"हवालदार, आष्ट्याला आमच्या आक्काला सांगा, म्हणावं धाकल्याला ताप आला हुता, तर आमी म्हणलं—"

"ताप हाय का गेला?"

"गेला की! पर त्याच्या आदी काय झालं—"

"गेला. म्हंजी 'पोरगं बरं हाय'. फुडं?"

"फुडं असं की, मामा येणार हुतं बघा सक्रातीला—"

"आलं का?"

"न्हाई आलं. का न्हाई आलं म्हणशीला तर—"

"न्हाई म्हणत. 'पोरगं बरं हाय. मामा आला न्हाई.' आता तू म्हणून दाखीव."

"या बया! मी कशाला? मीच सांगितलं की!"

"म्हणून दाखीव. त्याबिगार गाडी हालायची न्हाई."

आणि खरंच हालायची नाही. ती बाई पदर तोंडाला लावून, लाजत, सगळ्या गाडीसमोर आपलाच निरोप परवचा म्हटल्यासारखा म्हणून दाखवायची. मग हवालदार समाधानानं म्हणायचे, "ओव्हर," आणि क्लच दाबायचे.

लढाई नुकतीच संपली होती. मी तेव्हा कराडला मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि आईसाठी दर शनिवारी सांगलीला जात होते. शाळा सकाळची, मोटार दुपारची. सोमवारी पहाटे त्याच मोटारीनं परत. बायकांचा बाक ड्रायव्हरच्या पाठीशी असे, त्यामुळे हवालदारांची मान, त्यांचा खाकी कोट आणि त्यांची बडबड हा माझा आठवड्याचा नेमच झाला. नाव दौलत जगदाळे. पण त्या नावानं त्यांना फक्त मोटारीचे मालक हाक मारत, आणि तेही रागावले की. लढाईत ते बिनतारी यंत्राच्या ट्रकवर होते. मिसर देश पाहिला, इटली पाहिली. परत आले ते कोट, पोटाचं थोडंसं दुखणं आणि एक वेड घेऊन आले. बोलणं संपलं की 'ओव्हर' म्हणायची सवय त्या यंत्राची. घरीसुद्धा, "भाकरी वाढ, ओव्हर." एकदा म्हणे बायकोनं सासरच्या सात पिढ्यांचा उद्धार करून शेवटी स्वतःच 'ओव्हर' म्हटलं. हे ते स्वतःच सांगत आणि स्टिअरिंगवर थाप मारून हसत.

वाटेतल्या गावांना निरोप पोचवायची त्यांची तऱ्हाही पलटणीतली. गाडी हळू करायची, खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढायचं आणि ठणठणीत आवाजात निरोप टाकायचा. ज्याचा असेल त्यानं हात वर करून 'मिळाला' म्हणायचं. नाही म्हटलं तर गाडी थांबवायची. आधी लोक हसले. पुढं सवय लागली. हवालदारांचा हॉर्न ऐकला की नेर्ल्याच्या म्हाताऱ्या कारण नसतानासुद्धा हात वर करू लागल्या.

इस्लामपूरच्या अलीकडे सांगलीहून येणारी जोडगाडी भेटे. तिच्यावर मिरजेचा इब्राहिम असे, गोरापान आणि सदा पान खाणारा. दोन्ही गाड्या खिडकीला खिडकी लावून भर रस्त्यात उभ्या राहत आणि दोघे इकडचे निरोप तिकडे, तिकडचे इकडे करत. मागं बैलगाड्यांची रांग लागे. गाडीवान शिव्या देत, मीही मनातल्या मनात देत असे, कारण आई माझ्यासाठी जेवायची थांबलेली असे.

एकदा मी वैतागून म्हटलं, "हवालदार, तुम्ही गाडी चालवता की टपाल?"

"बाई, ह्ये दोनी एकच हुणार हाय," ते म्हणाले. "तुमी बघाल. ह्या टपात बिनतारीचा सेट बसणार. तुमी कराडात बोलायचं, मी पेठंच्या नाक्यावर ऐकायचं. गाडी चालू, बोलणं बी चालू!"

"आणि वळणावर गाडी गेली ओढ्यात म्हणजे?"

"आवं, हाकणाऱ्यानं बोलायचंच न्हाई! बोलणारा येगळा, हाकणारा येगळा. पलटणीचा कायदाच हाय तसा. हाकणारा बोलाय लागला की समजा, गाडीचं काय खरं न्हाई."

या विषयावर ते किती बोलत! गाडीतल्या टेलिफोनवर बायकाच जास्त बोलतील, पण भांडतील पुरुष. रस्त्यात गाडी बंद पडली की कारखान्यातला मिस्त्री घरबसल्या दुरुस्ती सांगेल. डॉक्टरला गाठायला गावभर पोरं धावणार नाहीत. आणि, "बाई, लोक लय खोटं बोलत्याल बगा. 'पोचलोच, पोचलोच' म्हणत्याल आन् अजून धोतर नेसत असत्याल." हे शेवटचं ते अगदी गंभीरपणानं सांगत. टेलिफोन यायच्या आधीच त्यातल्या लबाडीचा त्यांना राग आलेला असे.

मालकांना वाटे, लढाईत याच्या डोक्यात काहीतरी हललं. मलाही अधूनमधून वाटे. विशेषतः बांबूच्या दिवशी.

त्याचं असं झालं. यंत्राला लांब तारेची काठी लागते, ती टपावर उभी राहते. तर आपल्या रस्त्यावरची झाडं तिला आड येतील की काय, हे आधीच बघून ठेवलेलं बरं, असं यांच्या मनानं घेतलं. यंत्राचा पत्ता नाही आणि काठीची चिंता! बाजारात तुरी म्हणतात ते हेच. एका शनिवारी बघते तर मोटारीच्या टपावर भलामोठा बांबू उभा बांधलेला, आणि त्याच्या टोकाला खुणेला लाल चिंधी. मलकापूर सुटलं आणि बांबूनं आपलं काम सुरू केलं. चिंचा टपावर पडल्या, पोरांनी त्या खिडकीतून वेचल्या. एका आंब्याची डहाळी आली. हवालदार खूष. "ही फांदी तोडाय पायजे. ही बी. ही चालंल." पुढं एक मोठा वड आला. त्या वडाला आग्यामोहोळ होतं, हे त्या रस्त्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. हवालदारांनाही होतं. पण त्या क्षणी त्यांना फक्त फांदी दिसत होती.

काय सांगू! गाडीतली माणसं दारातून, खिडकीतून, जिथून वाट मिळेल तिथून उसात पळाली. एका पाटलांनी फेटा सोडून तोंडाभोवती गुंडाळला आणि ते दुसऱ्याच गावाच्या दिशेनं चालू लागले. मी साडी डोक्यावरून घट्ट ओढून बाकाखाली बसले, आणि मास्तरीण असल्याचं काही वेळ विसरले. सगळ्यांत जास्त माश्या हवालदारांनाच चावल्या, कारण ते मधमाश्यांच्या मध्ये उभे राहून बांबू सोडत होते. सांगली येईपर्यंत त्यांचा एक डोळा पार मिटला होता. उतरताना मी म्हटलं, "काय हवालदार, येणार का मग टेलिफोन?"

"येनार," ते सुजलेल्या ओठांनी म्हणाले. "काठी मातूर आखूड लागंल."

आता या माणसावर रागावायचं तरी कसं?

पण हे वेड नुसतं वेड नव्हतं, हे मला एका सोमवारी कळलं. पेठ गावाशी चाक पंक्चर झालं होतं. कंडक्टर चाक घेऊन बसला होता, माणसं चहाला गेली होती आणि हवालदार रस्त्याकडेच्या दगडावर बसून विडी ओढत होते. मी सहज म्हटलं, "घरी माणूस असलं म्हणजे तार आहे, टपाल आहे. वाटेवरच्या माणसाला कशाला हवा हो टेलिफोन? पोचेल की घरी."

त्यांनी विडी दगडावर घासून विझवली. मग म्हणाले, "बाई, मी रजेवर येत हुतो तवा आई आजारी हुती. मला कुठलं ठावं? कराडला उतारलो. म्हणलं, असंच कसं घरी जायाचं? हजामत क्येली. कोटाला इस्तरी क्येली. फोटू काढला. दोस्तांनी च्या पाजला, भजी खाल्ली. समदी दुपार तितंच. आन् मलकापूर काय लांब हाय का? तितं आई इचारतीया, दौलू आला का, दौलू आला का. मी घरी पोचलो तवा दारात माणसं बसल्याली."

"तार नाही केली कुणी?"

"कुठं करणार? पलटणीला पत्ता असतो, घराला पत्ता असतो. चालत्या गाडीला पत्ता नसतो बाई."

शाळेत मुलींना वाटेल त्या प्रसंगावर निबंध लिहायला लावणारी मी, तिथं नुसती पदराचं टोक पिळत बसले. मग त्यांनीच सांगितलं. बाप त्या दिवसापासून बोलत नाही. म्हणजे बैलाबद्दल बोलतो, पाण्याच्या पाळीबद्दल बोलतो, उसाच्या लागणीबद्दल बोलतो. पण पोरगा आधी न विचारता पलटणीत पळाला आणि मग आई मरत असताना कराडात फोटो काढत बसला, हे म्हाताऱ्यानं मनात धरून ठेवलं होतं. मिसर कसा होता, इटलीत काय खाल्लंस, गोळी लागली का, एक अक्षर विचारलं नव्हतं. हवालदारांनीही आपण होऊन सांगितलं नव्हतं. "आबांनी एकदा इचारावं," ते म्हणाले. "मग मी समदं सांगीन. आईचं बी."

मलकापूरला त्यांचं घर रस्त्यालाच होतं. त्यानंतर मी तो म्हातारा नीट बघू लागले. ओसरीवर बसलेला, कडक, पांढऱ्या मिशांचा. मोटार आली की हवालदार हॉर्न वाजवायचे आणि म्हातारा मान वळवून गोठ्याकडे बघायचा. हे दर खेपेला व्हायचं.

पुढं ते पुरणपोळीचं प्रकरण झालं आणि हवालदारांची सगळी व्यवस्थाच कोसळली.

कासेगावची मुलगी, आष्ट्याचा मुलगा. मुलाकडची माणसं मुलगी बघून गेली होती. त्यांच्या चुलत्यानं आष्ट्याच्या थांब्यावर हवालदारांना निरोप दिला: मुलगी आम्हा पुरुषांना पसंत आहे, पण मुलाच्या आईनं अजून बघितलेली नाही, ती मंगळवारी बघायला येईल, तिच्या मनास आली तर पुढचं बोलू, तोवर कुठं वाच्यता करू नका. हवालदारांनी नेहमीप्रमाणे काटछाट केली. चुलता घाईत होता, त्यानं म्हणूनही दाखवलं. आणि कासेगावला खिडकीतून निरोप पडला, "पोरगी पसंत हाय! मंगळवारी आई येतीया! ओव्हर!"

मुलीच्या बापानं दोन्ही हात वर केले.

मंगळवारी त्या माउली मोटारीतून उतरल्या तर समोर ताशा. गावातल्या बायका आरत्या घेऊन उभ्या. दारात मांडव. आत पुरणाचा घाट. त्या रस्त्यातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी अजून पोरीचं तोंड बी बघितलं न्हाई, आन् ह्यो ताशा कुणाच्या नावानं?" मग जे व्हायचं ते झालं. बाई जेवल्या, कारण अन्नावर राग काढू नये, आणि जेवून एक शब्द न बोलता निघून गेल्या. गावात मुलीच्या बापाची शोभा झाली. (लग्न झालं पुढं. त्या पोळ्या मुलीनं केल्या होत्या आणि बाईंना त्या विसरता आल्या नाहीत, असं ऐकलं. पण तो पुढचा भाग.)

मुलीचा बाप कराडच्या स्टँडवर आला. शिव्या दिल्या नाहीत, हेच वाईट झालं. चारचौघांत हात जोडून म्हणाला, "हवालदार, माज्या पोरीचा जलम हुता त्यो. तुमी त्यातलं निम्मं वाटंत टाकलं."

हवालदारांचा चेहरा मी त्या वेळेइतका पडलेला कधी पाहिला नव्हता. मालकांना निमित्तच हवं होतं. "दौलत, गाडी माणसं न्यायला आहे. उद्यापासून एक निरोप नेलास तर दुसरी नोकरी बघ." आणि हवालदारांनी सलाम ठोकला. पलटणीतलं माणूस, हुकूम म्हणजे हुकूम. दुसऱ्या दिवसापासून गाडी वेळेवर सुटू लागली, वेळेवर पोचू लागली. इब्राहिमची गाडी समोरून आली की दोघे नुसता हात करत. नेर्ल्याच्या म्हाताऱ्या हात वर करायच्या आणि खाली घ्यायच्या. मला सांगलीला गरम भात मिळू लागला, आणि खरं सांगते, मला तो प्रवास नकोसा झाला. हवालदार पाठीला पाठ लावून बसलेल्या परक्या माणसासारखे गाडी हाकत. 'ओव्हर' नाही, टेलिफोन नाही, काही नाही.

अशाच एका शनिवारी पेठ मागं पडली आणि मागून हॉर्न ऐकू येऊ लागला. गुळाची एक लॉरी आमच्या मागं लागली होती. आता आमच्या रस्त्यावर लॉरीनं मोटारीला मागं टाकणं म्हणजे ड्रायव्हरच्या मिशीला हात घालणं. हवालदारांनी वेग वाढवला. लॉरीनंही वाढवला. कितीतरी दिवसांनी त्यांच्या मानेला ताठा आला. गाडीतली पोरंटोरं ओरडू लागली, "हवालदार, सोडू नका! हाना!" धुळीचा लोट उठला.

मी मागं वळून पाहिलं. लॉरीतल्या गुळाच्या ढेपांवर एक माणूस उभा होता आणि डोईचा पटका सोडून जिवाच्या आकांतानं हलवत होता.

"हवालदार, थांबा! तो माणूस काहीतरी सांगतोय!"

"सांगू द्या. निरोप बंद हाईत बाई. मालकांचा हुकूम."

"अहो, पण—"

"हुकूम म्हंजी हुकूम!"

माझ्या शेजारी एक धनगराची म्हातारी बसली होती. तिनं काठीचं टोक हवालदारांच्या पाठीत खुपसलं. "आरं मुडद्या, माणूस बोंबलतोया आन् तुला हुकूम सुचतोय व्हय? हुबी कर गाडी!"

तरी त्यांनी उभी केली नसती. पण समोरून इब्राहिम आला. त्यानं तो पटका लांबूनच पाहिला असावा. त्यानं आपली गाडी सरळ रस्त्यात आडवी घातली. हवालदारांनी करकचून ब्रेक दाबला, मागं लॉरी थांबली, आणि गुळावरचा माणूस उडी टाकून धावत आला. तो हवालदारांचा चुलतभाऊ किसन होता.

"दादा, आबा पडलं!" तो धापा टाकत म्हणाला. "तुजी गाडी गेली आन् त्येंनी पानी मागितलं, मी म्हणलं देतो, तर उठाय गेलं आन् वसरीवरच—डागदर आणला, डागदर म्हणतोय जीव हाय पर भरवसा न्हाई, वयनी रडतीया, आन् आबा म्हणत्यात दौलूला बलवा, मी म्हणलं गाडी गेली, तर म्हणत्यात मग पळ की, मग ही लॉरी दिसली—"

मोडक्यातोडक्या, लांबलचक, मागंपुढं झालेल्या त्या निरोपातला एक शब्दसुद्धा हवालदारांनी तोडला नाही. ते ऐकतच राहिले. किसन थांबल्यावर त्यांनी विचारलं, "काय म्हणलं आबा? पुन्यांदा सांग."

"दौलूला बलवा."

त्यांचे हात स्टिअरिंगवरून सुटेनात. भरलेली गाडी, पुढं सांगली, मागं मलकापूर. "माणसं पोचवाय पायजेत," ते पुटपुटले. "मालक—"

इब्राहिम त्यांच्या दाराशी येऊन उभा होता. त्यानं पान थुंकलं आणि दार उघडलं. "उतर."

"गाडी?"

"माझी कराडला चाललीय. ती तू घे. तुझी मी नेतो. दोन्ही गाड्या मालकाच्याच, त्याला काय कळतंय? उतर की लेका!"

कंडक्टर काहीतरी बोलू पाहत होता. धनगराच्या म्हातारीनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. इब्राहिमच्या गाडीतल्या माणसांनी आपण होऊन पुढची जागा किसनला करून दिली. एकानं ओरडून सांगितलं, "वाटंत आमाला कुटं उतरवू नका हवालदार, थेट मलकापूर! आमी मागनं चालत येऊ!" आणि मी आयुष्यात कधी रस्त्यात रडले नव्हते, ती त्या दिवशी रडले. हवालदार इब्राहिमच्या गाडीवर चढले, गाडी वळणाआड गेली आणि आम्ही सांगलीच्या वाटेला लागलो. इब्राहिमला आमच्या गाडीचा गिअर सापडत नव्हता, तो तिला आणि हवालदारांना मिळून शिव्या देत होता, आणि मध्येच बाहीनं डोळे पुसत होता.

रविवारभर मला चैन पडलं नाही. आई म्हणाली, "तुझा कोण लागतो तो?" मी म्हटलं, "ड्रायव्हर." ती माझ्याकडे बघतच राहिली.

सोमवारी पहाटे गाडीवर इब्राहिमच होता. मलकापूर आलं तसा त्यानं वेग कमी केला. घरापाशी चारदोन माणसं बसली होती, आणि रस्त्याच्या कडेला हवालदार उभे होते. डोक्याचं मुंडण झालेलं, मिशी गेलेली, अंगावर खाकी कोटाऐवजी धोतर आणि उपरणं. त्या वेषात ते मला एकदम लहान वाटले. मी समजले. रविवारी दुपारी म्हातारा गेला होता.

इब्राहिमनं गाडी थांबवली. हवालदार माझ्या खिडकीपाशी आले. मी नुसतं "हवालदार..." म्हटलं.

"बाई," ते म्हणाले, "मला बघून आबा पयलं काय म्हणलं म्हाईत हाय? 'भरली गाडी वाटंत टाकून आलास व्हय रं?'" आणि ते हसले. डोळे सुजलेले होते, पण हसले. "मग म्हणलं, 'बस हितं. मिसरात ऊस हुतो का?'"

"ऊस?"

"ऊस. मी म्हणलं, हुतो. लय हुतो. मग पाणी कसं देत्यात, बैल कसलं, भाकरी कसली. रात गेली तरी इचारतच हुतं. मग आईचं निघालं. म्या समदं सांगितलं. हजामत, फोटू, भजी, समदं. आबांनी ऐकून घ्येतलं आन् म्हणलं, 'त्यो फोटू कुठाय? दाव की.'"

मागं बैलगाडी येऊन थांबली होती, पण गाडीवान काही बोलला नाही. हवालदारांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि खिडकीच्या कडेवर हात ठेवला.

"बोलणं झालं बाई," ते म्हणाले. "आमचं बोलणं झालं."